महायुद्धातली कुठली लढाई खरंच टर्निंग पॉइंट होती, हे आपलं आपण कसं ठरवायचं

माझा भाचा एमपीएससीची तयारी करतोय. यंदा संक्रांतीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत घरी आला होता, दुपारी शेंगाचटणी-भाकरी झाल्यावर वही काढून बसला आणि म्हणाला, मामा, स्टालिनग्राड टर्निंग पॉइंट का यावर उत्तर लिहिलंय, जरा बघा. बघितलं तर पहिलीच ओळ, "कारण त्यात प्रचंड मनुष्यहानी झाली". म्हणलं अरे, मग पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोम नदीच्या लढाईला काय म्हणशील? १९१६ ला जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत चालली, दोन्हीकडचे मिळून १० लाखांच्या वर मेले, जखमी झाले, बेपत्ता झाले, आणि ब्रिटिश-फ्रेंच पुढं सरकले किती तर साधारण १० किलोमीटर. म्हणजे सोलापुरातून निघालेला माणूस मोहोळच्या अर्ध्या वाटेवर पण पोचला नाही. युद्ध त्यानंतर अजून दोन वर्षं चाललं. गप्प बसला बिचारा.

मी काही प्राध्यापक नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिले, आणि वाचनाचं वेड म्हणून युद्धाची पुस्तकं वाचत गेलो. पण हिशेब लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते की रोजकीर्द वेगळी आणि खतावणी वेगळी. रोजकीर्दीत रोजची धावपळ दिसते, आज इतका माल गेला, आज इतके पैसे आले. मालक तरतोय का बुडतोय ते खतावणी उघडल्यावरच कळतं. लढाईचं पण तसंच आहे, शौर्य, मृत्यू, रणगाडे हे सगळं रोजकीर्दीत, टर्निंग पॉइंट शोधायचा तर खतावणी मांडावी लागते. त्या दुपारी भाच्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय. वही आणि पेन घेऊन बसा, नुसतं वाचून होणार नाही.

सगळ्यात आधी, लढाईच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहा

हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याला शेवट माहीत असतो. तरी तो विसरायचा आणि दोन्ही बाजूंसाठी एकेक ओळ लिहायची: याला नक्की काय पाहिजे होतं? "जिंकायचं होतं" हे उत्तर नाही चालणार. ते तर सगळ्यांनाच पाहिजे असतं.

स्टालिनग्राड घ्या. १९४२ च्या उन्हाळ्यात, २८ जूनला जर्मनीनं दक्षिण रशियात मोठी मोहीम सुरू केली. कशासाठी? शहरासाठी नाही, तेलासाठी. कॉकेशसमधलं मायकोप, ग्रोझ्नी आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाकू, रशियाचं बहुतांश तेल तिथून यायचं. जुलैच्या शेवटी हिटलरनं सैन्याचे दोन भाग केले, एक तेलाकडं आणि दुसरा व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडकडं. मायकोप ऑगस्टमध्ये हातात आलं पण रशियनांनी विहिरी आधीच निकामी करून ठेवल्या होत्या. बाकूपर्यंत तर पोचलेच नाहीत. मग पहिली ओळ काय होते बघा: "जर्मनीला तेल पाहिजे होतं." ही ओळ लिहिली की पुढचा सगळा प्रश्नच बदलतो, शहरात कोण कुठल्या इमारतीत लढलं यापेक्षा तेल मिळालं का हे महत्त्वाचं होतं. नाही मिळालं. स्टालिनग्राड जिंकलं असतं तरी तेल आपोआप मिळत नव्हतं, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या उत्तरात येतच नाही.

दुसरं काम, भरपाईचा कॉलम. इथं वेळ घालवा

आमच्याकडं माग बंद पडला तर पहिला प्रश्न "किती नुकसान झालं" हा नसतोच. पहिला प्रश्न "पार्ट कधी मिळणार". संध्याकाळपर्यंत मिळाला तर किरकोळ, दोन महिने लागणार असतील तर ऑर्डरच गेली. नुकसान तेवढंच, अर्थ वेगळा. म्हणून वहीत तीन कॉलम करायचे: काय गेलं, परत उभं करायला किती वेळ, आणि तेवढ्या वेळात समोरच्यानं काय उभं केलं. तिसरा कॉलम सगळे विसरतात.

यासाठी मिडवेसारखं उदाहरण नाही. जून १९४२, पॅसिफिकच्या मधोमध. पर्ल हार्बर या अमेरिकेच्या नौदल तळावर हल्ला करणाऱ्या जपानच्या सहा मोठ्या विमानवाहू जहाजांपैकी चार इथं बुडाली, अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू. पहिल्या तिघांना तर ४ जूनच्या सकाळी काही मिनिटांच्या आत आग लागली. उरलेली दोन, शोकाकू आणि झुइकाकू, इथं आलीच नव्हती, कारण महिनाभर आधी कोरल समुद्राच्या लढाईत एकाला मार बसला होता आणि दुसऱ्याची विमानं-वैमानिक कमी झाले होते.

आता गंमत बघा. त्याच कोरल समुद्रात अमेरिकेचं यॉर्कटाउन हे विमानवाहू जहाज पण जबर जखमी झालं होतं. ते पर्ल हार्बरला आणलं, आणि साधारण तीन दिवसांत, कारागीर रात्रंदिवस लावून, लढण्यापुरतं ठीक करून परत पाठवलं. ते मिडवेला लढलं आणि शेवटी बुडालं पण काम करून गेलं. आणि हे ज्या गोदीत दुरुस्त झालं ती गोदी शाबूत का होती? कारण डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर जहाजं फोडली पण दुरुस्तीच्या गोद्या आणि तेलाच्या टाक्या तशाच सोडल्या. म्हणजे पर्ल हार्बरचा जो रोजकीर्दीतला विजय होता त्याची खतावणी सहा महिन्यांनी मिडवेला उघडली.

तिसरा कॉलम आता भरा. अमेरिकेनं एसेक्स जातीची मोठी विमानवाहू जहाजं बांधायला घेतली होती, पहिलं १९४२ च्या शेवटच्या दिवशी नौदलात दाखल झालं आणि युद्ध संपेपर्यंत अशी १७ झाली. जपानचं ताइहो नावाचं नवं मोठं जहाज मार्च १९४४ मध्ये आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये फिलिपिन्स समुद्रात बुडालं पण. एवढं मांडल्यावर भाषण करायची गरजच नाही, आकडेच बोलतात.

एक सावधगिरी. मिडवेला जपानचे सगळे कसलेले वैमानिक मेले असं बरेच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. तिथं वैमानिक आणि विमानातले इतर मिळून शंभर-सव्वाशेच्या आसपास गेले. वैमानिकांची खरी झीज त्यानंतर ग्वाडालकनाल आणि सॉलोमन बेटांच्या बाजूला महिनोन्‌महिने होत राहिली. मिडवेला जहाजं गेली आणि त्यांच्याबरोबर अनुभवी मेकॅनिक गेले, म्हणजे आमच्या भाषेत जॉबर, माग चालते ठेवणारे कारागीर-मुकादम, गेले. जॉबर गेल्यावर माग नवा आणून काय उपयोग, हे सोलापूरच्या माणसाला समजवायला नको.

स्टालिनग्राडला हाच कॉलम लावला की एक वेगळीच गोष्ट सापडते. रणगाडे आणि विमानं? जर्मनीचं उत्पादन १९४३ ला वाढलं आणि १९४४ ला तर सगळ्यात जास्त झालं. म्हणजे यंत्रांची भरपाई होत होती. मग काय भरून निघालं नाही? एक तर माणसं, स्टालिनग्राडला लढणारी जर्मनीची सहावी आर्मी अख्खी गेली, फेब्रुवारी १९४३ मध्ये शरण आले तेव्हा ९१ हजारांच्या आसपास कैदी, त्यातले पाच-सहा हजारच कधीतरी घरी परतले. आणि दुसरं म्हणजे मित्रसैन्यं. जर्मनीनं लांबलचक आघाडीच्या बाजू सांभाळायला रुमानियाच्या, इटलीच्या, हंगेरीच्या आर्म्या लावल्या होत्या, जॉबवर्क दिल्यासारखं, पण रणगाडे फोडायच्या चांगल्या तोफा त्यांना पुरेशा दिल्याच नाहीत. रशियनांनी १९ नोव्हेंबर १९४२ ला नेमका रुमानियन सैन्यावर घाव घातला आणि चार दिवसांत वेढा पूर्ण केला. डिसेंबरमध्ये इटलीची आठवी आर्मी मोडली, जानेवारीत हंगेरीची दुसरी. एकाच हिवाळ्यात चार मित्र आर्म्या खलास. असा जॉबवर्कवाला परत उभा राहत नाही हो, आणि राहिला तरी तुमचं काम घेत नाही.

तिसरं, पुढची ऑर्डर कोण काढतंय

हे सोपं आहे, लवकर सांगतो. लढाईनंतरच्या वर्षभरात मोठा हल्ला कुठं आणि कधी करायचा हे कोणी ठरवलं एवढंच बघायचं. मिडवे जूनमध्ये, आणि ७ ऑगस्टला अमेरिकेचे सैनिक ग्वाडालकनालवर उतरले, म्हणजे जागा अमेरिकेनं निवडली आणि जपान तिथं धावत आला. चाल फिरली.

स्टालिनग्राडनंतर मात्र थोडं थांबावं लागतं. मार्च १९४३ मध्ये जर्मन सेनापती मान्स्टाइननं खारकोव्ह शहर परत घेतलं, जुलैत कुर्स्कला जर्मनांनी पुन्हा मोठा हल्ला केला. म्हणजे चाल लगेच नाही फिरली. कुर्स्क फसल्यावर मात्र पूर्वेकडं जर्मनीनं तसा मोठा हल्ला परत कधीच केला नाही. म्हणून काही जण कुर्स्कला खरा टर्निंग पॉइंट म्हणतात. माझं मत विचाराल तर कुर्स्कला दार बंद झालं, पण बिजागऱ्या स्टालिनग्राडलाच निखळल्या होत्या. परीक्षेत दोन्ही लिहा.

चौथं, नकाशाचं दुसरं पान उघडा

जागतिक युद्ध म्हणायचं कशाला, तर इथला धक्का तिथं लागतो म्हणून. ही पायरी जो करत नाही त्याचं उत्तर म्हणजे साधं लढाईचं वर्णन होतं, हे मी भाच्याला तीनदा सांगितलं.

वेढ्यात अडकलेल्या सहाव्या आर्मीला विमानानं रसद पोचवतो असं जर्मन हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंगनं हिटलरला सांगितलं. आत अडीच लाखांच्या वर माणसं. कमीत कमी ३०० टन रोज पाहिजे होतं, प्रत्यक्षात सरासरी शंभर-सव्वाशे टनांच्या आसपास पोचलं. हवामान वाईट होतं, रशियन विमानं होती, ते खरंच. पण अजून एक गोष्ट होती: ८ नोव्हेंबर १९४२ ला, म्हणजे रशियन हल्ल्याच्या ११ दिवस आधी, अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य मोरोक्को-अल्जीरियात उतरलं होतं, आणि हिटलर घाईघाईनं ट्युनिशियात सैन्य ओतत होता, मालवाहू विमानांनी. विमानं तेवढीच, मागणी दोन ठिकाणाहून. एकच टेम्पो आणि दोन पार्ट्या, एक म्हणते हैदराबादला चल आणि दुसरी म्हणते पुण्याला.

दुसरं उदाहरण फार कमी लोकांना माहीत असतं. १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलिया आणि मांचुरियाच्या सीमेवर खालखिन गोल नदीजवळ जपान आणि रशियाची लढाई झाली. झुकोव्ह तिथं रशियाचा सेनापती होता, ऑगस्टमध्ये त्यानं जपानी सैन्याला वेढून मोडलं. युरोपात त्याच वेळी महायुद्धाला तोंड फुटत होतं म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. पण रशियाशी भिडणं महागात पडतं हा धडा जपानला बसला, एप्रिल १९४१ मध्ये दोघांचा तटस्थतेचा करार झाला आणि पुढं तेलाच्या मागं जपान दक्षिणेकडं वळला. फक्त खालखिन गोलमुळंच वळला असं नाही, अमेरिकेची तेलबंदी पण होती. पण १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन मॉस्कोच्या दारात आले तेव्हा स्टालिनला पूर्वेकडच्या काही डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या, तिकडं आणता आल्या, त्याची मुळं या आडबाजूच्या लढाईत पण आहेत. पेपरात आतल्या पानावर टाकावी अशी लढाई.

पाचवं, पट्टी ठरवा: आघाडीचा का अख्ख्या युद्धाचा

इथं भावना आडव्या येतात, म्हणून जरा सांभाळून.

कोहिमा-इम्फाळ आपल्याला जवळचं. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीची १५ वी आर्मी, साधारण ८५ हजार माणसं, ब्रह्मदेशातून डोंगर ओलांडून आली, सोबत आझाद हिंद सेनेच्या तुकड्या पण होत्या. रसद जेमतेम तीन आठवड्यांची घेतली, बाकीचं इम्फाळच्या गोदामातून घेऊ हा हिशेब. हा हिशेब ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण समोरच्या पार्टीचं पेमेंट येईल या भरवशावर सूत उचलणारे कारखानदार मी लई बघितलेत. इम्फाळचं गोदाम मिळालंच नाही. इकडं ब्रिटिश सेनापती स्लिमच्या १४ व्या आर्मीला विमानानं सगळं पोचत होतं, पाचवी भारतीय डिव्हिजन तर आराकानमधून विमानानं उचलून इम्फाळला आणली. पावसाळा सुरू झाला, जुलैत जपान्यांनी माघार घेतली तोवर ५० हजारांच्या वर माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा भूक आणि आजारानं निकामी झाली.

टर्निंग पॉइंट? ब्रह्मदेशाच्या आघाडीचा शंभर टक्के. अख्ख्या महायुद्धाचा? मला नाही वाटत. त्याच महिन्यांत अमेरिका पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांपर्यंत आली होती आणि जपानचं भवितव्य तिकडं ठरत होतं. असं म्हणल्यानं आपल्या जवानांचं कर्तृत्व कमी होत नाही, पट्टी वेगळी आहे एवढंच.

हीच पट्टी इंग्रजांना पण लावा, सोडू नका. इजिप्तमधलं एल अलामीन, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४२, ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीनं जर्मन सेनापती रोमेलला हरवलं, चौथी भारतीय डिव्हिजन पण तिथं होती. ब्रिटनमध्ये या विजयाचं कौतुक आजपर्यंत संपलं नाही. पण रोमेलकडं जर्मन डिव्हिजन होत्या चार, बाकी इटालियन. त्याच वेळी रशियाच्या आघाडीवर जर्मन डिव्हिजन दीडशेच्या वर. सुएझ कालवा वाचला हे मोठंच काम, पण जर्मनीचं कंबरडं तिथं मोडलं नाही. प्रत्येक देश आपापली लढाई पुढं करतो, ब्रिटिश अलामीन, अमेरिकन मिडवे नाहीतर फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं नॉर्मंडी, रशियन स्टालिनग्राड. कोण सांगतंय ते बघूनच ऐकायचं.

मधेच एक, ज्या लढाईला तारीखच नाही

अटलांटिकची लढाई युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालली. पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवतायत आणि ब्रिटनची रसद तुटतेय का राहतेय. मे १९४३ मध्ये एका महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या गेल्या आणि जर्मन नौदलाचा प्रमुख ड्योनिट्झनं उत्तर अटलांटिकमधून त्या मागं घेतल्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, नवं रडार, ताफ्याबरोबर छोटी विमानवाहू जहाजं आणि फोडलेले गुप्त संदेश, हे सगळं एकत्र जुळून आलं. नॉर्मंडीला १९४४ मध्ये जे सैन्य उतरलं त्यातलं अमेरिकन माणूस आणि सामान याच वाटेनं आलं होतं. माझ्या यादीत ही स्टालिनग्राडच्या बरोबरीनं आहे, पण हिचं चित्र काढता येत नाही म्हणून पोरं लिहीत नाहीत.

आणि चीन. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात जाऊन या, सोलापूरकर असून बरेच जण गेलेले नसतात. आपल्या गावात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारला, वय ३२. त्याच आठवड्यांत तिकडं स्टालिनग्राडचा वेढा आवळत होता. चीनच्या आघाडीवर बोट ठेवून सांगता येईल असा एकही मोठा टर्निंग पॉइंट नाही. तरी जपानचं लाखोंचं सैन्य तिथं वर्षानुवर्षं अडकून पडलं, ते मोकळं असतं तर दुसरीकडं गेलं असतं. म्हणून वहीत एक पान "वळण नाही पण ओझं आहे" अशा लढायांसाठी ठेवा.

शेवटची पायरी, उलटा प्रश्न

हरलेला जिंकला असता तर काय? फक्त तीन ओळी लिहायच्या, कादंबरी नाही. मिडवे जपाननं जिंकलं असतं तर? अमेरिकेच्या गोद्यांमधली जहाजं थांबली नसती, म्हणजे बहुतेक शेवट तोच, पण उशिरा आणि जास्त रक्त सांडून. म्हणून मिडवे वळण आहे पण निकाल नाही. अटलांटिक जर्मनीनं जिंकलं असतं तर? नॉर्मंडी अवघड, ब्रिटनचं धान्य अवघड, शेवट पण कदाचित वेगळा. जिथं उत्तर "उशीर झाला असता" येतं आणि जिथं "वेगळंच झालं असतं" येतं ते दोन ढीग वेगळे करा. या पायरीवर भांडणं होतात, होऊ द्या, फक्त भरपाईचा कॉलम समोर ठेवून भांडा.

सरावाला भाच्याला मी पानिपत दिलं. तारीख पण तीच होती ना, १४ जानेवारी, खिडकीतून गड्ड्याचे लाऊडस्पीकर ऐकू येत होते. पानिपत आपण एकटं वाचतो पण ते घडलं तेव्हा सात वर्षांचं युद्ध चालू होतं, युरोप, अमेरिका, भारत सगळीकडं, तेही एक जागतिक युद्धच. नोव्हेंबर १७५९ मध्ये ब्रिटिश आरमारानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर क्विबेरॉनच्या खाडीत फ्रेंच आरमार मोडलं. त्यामुळं भारतातल्या फ्रेंचांना मोठी मदत येणं अवघड झालं, जानेवारी १७६० ला ते तमिळ मुलखातल्या वांदिवाशला इंग्रजांकडून हरले, आणि पाँडिचेरी इंग्रजांच्या हातात कधी गेली? जानेवारी १७६१, पानिपत झालं त्याच आठवड्यात.

त्यानं कॉलम भरायला घेतले. काय गेलं: सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, एक अख्खी पिढी, आणि जूनमध्ये नानासाहेब पेशवे पण. भरपाईला किती वेळ: १० वर्षं, १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली परत घेतली. म्हणाला, मामा, म्हणजे भरपाई झाली की, मग टर्निंग पॉइंट कसला? म्हणलं तिसरा कॉलम भर, त्या १० वर्षांत समोरच्यानं काय उभं केलं. त्यानं अब्दालीचं नाव लिहिलं, पुढं लिहायला काही सापडेना, अब्दाली तर परत गेला होता. बराच वेळ पेन चावत बसला. मग अब्दाली खोडला, त्या जागी "कंपनी" लिहिलं, आणि पुढं १७६४ बक्सर, १७६५ बंगालची दिवाणी.